न दिसणारी अडत

सीमाप्रश्नाला वाहिलेल्या दैनिकाने आपल्या अग्रलेखाच्या पानावर म्युच्युअल फंडांच्या खर्चाची चर्चा कशासाठी करावी, असा प्रश्न आमच्या काही वाचकांच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आम्ही प्रथमच देऊन टाकतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, कारवार आणि बिदरचा मराठी मुलूख त्याच्या इच्छेविरुद्ध त्या वेळच्या म्हैसूर राज्यास जोडण्यात आला. तेव्हापासून आजतागायत हा लढा ज्यांनी आपल्या खांद्यावर वाहिला, ती माणसे धनिक नव्हती. वडगाव-शहापूरचा विणकर, उद्यमबागेतील फाउंड्री कामगार, निपाणीची विडी वळणारी भगिनी, खानापूर तालुक्यातील भातशेती करणारा कुणबी, शाळामास्तर आणि लहान दुकानदार यांच्या वर्गणीवर हा लढा चालला आहे. या माणसांपैकी बहुतेकांस निवृत्तिवेतन नाही. त्यांच्या घरची शिल्लक हाच त्यांच्या वार्धक्याचा आधार आणि हाच त्यांच्या ताठ मानेचाही आधार. त्या शिल्लकीला कोठे गळती लागली आहे काय, हे पाहणे आम्ही आमच्या कर्तव्याचाच भाग समजतो.

ही शिल्लक पूर्वी कोठे जात असे ते आमच्या वाचकांस सांगावयास नको. दारावर येणाऱ्या पिग्मी एजंटाच्या हाती रोजचे दहा-वीस रुपये पडत, गल्लीतल्या भिशीत महिन्याचा हप्ता जाई आणि थोडी मोठी रक्कम साठली की ती पतसंस्थेत मुदतठेव म्हणून ठेवली जाई. गेल्या दहा-बारा वर्षांत या चित्रात फार मोठा पालट झाला आहे. ठेवीच्या व्याजाने महागाईचा पाठलाग होत नाही, असा अनुभव आल्याने आणि काही पतसंस्था बुडाल्याने, पगारदार व व्यापारी यांचा पैसा म्युच्युअल फंडांकडे वळला. २०२५ सालाच्या अखेरीस देशातील या फंडांच्या हाती सुमारे ८० लाख कोटी रुपये होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात केवळ मासिक हप्त्यांच्या, म्हणजे एसआयपीच्या, मार्गाने २९ हजार कोटींहून अधिक रक्कम त्यांत आली. हा ओघ मुंबई-पुण्याचाच आहे असे समजण्याचे कारण नाही. तो निपाणीचा आहे, खानापूरचा आहे, भालकीचाही आहे.

हा पालट आम्हांस अनिष्ट वाटत नाही. देशाच्या उद्योगधंद्यांच्या मालकीत सामान्य माणसास वाटा मिळावा, ही कल्पना मुळातच चांगली आहे. १९६३ साली संसदेने कायदा करून भारतीय युनिट ट्रस्टची स्थापना केली आणि १९६४ साली त्याची पहिली योजना निघाली, तेव्हा तिचा हेतूही हाच सांगितला गेला होता. तेव्हा प्रश्न फंड चांगले की वाईट, हा नव्हे. प्रश्न असा की, आपला पैसा सांभाळण्याबद्दल ही मंडळी आपल्याकडून काय घेतात, ते कसे घेतात आणि त्याचा अखेरीस आपल्या पदरात पडणाऱ्या रकमेवर काय परिणाम होतो. या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असलेला गुंतवणूकदार शंभरांत किती सापडेल, याविषयी आम्हांस दाट शंका आहे.

आमच्या शेतकऱ्यास बाजार समितीच्या व्यवहाराचा चांगला परिचय आहे. तो आपला माल अडत्याच्या दुकानी घालतो, लिलाव होतो आणि त्याच्या हाती पट्टी येते. त्या पट्टीवर अडत किती, हमाली किती, तोलाई किती हे सारे मांडलेले असते. कपात त्याला मान्य असो वा नसो, ती त्याच्या डोळ्यांसमोर असते. तिच्यावरून तो भांडू शकतो, आणि वेळप्रसंगी भांडतोही. म्युच्युअल फंडाच्या व्यवहारात ही पट्टीच नाही. व्यवस्थापनाचे शुल्क, वितरकाची दलाली, हिशेबनीस व निबंधक यांचा मेहनताना, रोखे सांभाळणाऱ्या संस्थेचे शुल्क आणि जाहिरात, हा सर्व खर्च योजनेच्या मालमत्तेतूनच वळता केला जातो. त्याचा हिशेब वर्षाच्या टक्केवारीने केला जातो. परंतु कपात रोजच्या रोज, थोडी थोडी होते आणि ती झाल्यानंतर जो भाव उरतो तोच त्या दिवसाचा एनएव्ही म्हणून प्रसिद्ध होतो. गुंतवणूकदाराला दिसतो तो कपातीनंतरचा भाव. त्याच्या खात्यातून कोणी पैसे काढले, अशी नोंद त्याच्या पासबुकात कधीच उमटत नाही. जी अडत दिसत नाही तिच्याविषयी कोण भांडणार?

आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. हा खर्च नफ्यावर आकारला जात नाही, तो संपूर्ण मालमत्तेवर आकारला जातो. बाजार वीस टक्क्यांनी वधारला तरी तो घेतला जातो आणि बाजार वीस टक्क्यांनी कोसळला तरीही घेतला जातो. शिवाय तो एकदाच घेतला जात नाही, दरवर्षी घेतला जातो. तुमची शिल्लक जसजशी वाढते, तसतशी त्याची रक्कमही वाढत जाते. आरंभी १ लाखावर घेतलेला टक्का पुढे १० लाखांवर घेतला जातो. काम मात्र तेवढेच असते.

‘‘दीड-दोन टक्के म्हणजे ते कितीसे?’’ असा प्रश्न येथे विचारला जाईल. आणि याच प्रश्नात सारी फसगत दडलेली आहे. आपण हिशेबच मांडून पाहू. एका कामगाराने १ लाख रुपये एका योजनेत घालून ते ३० वर्षे तसेच ठेवले आणि बाजाराने खर्च वजा करण्यापूर्वी वर्षाला सरासरी १० टक्के वाढ दिली, असे समजू. कोणताच खर्च नसता तर तीस वर्षांनी त्याच्या लाखाचे सुमारे १७ लाख ४५ हजार झाले असते. वर्षाला १ टक्का खर्च गेला तर वाढ ९ टक्के उरते आणि हाती १३ लाख २७ हजार येतात. खर्च २ टक्के असेल तर वाढ ८ टक्के आणि हाती १० लाख ६ हजार. म्हणजे दोन टक्क्यांनी ७ लाख ३९ हजार रुपये गेले. तीस वर्षांत जो नफा व्हावयाचा होता, त्यातील शंभरामागे सुमारे ४५ रुपये या ‘दोन टक्क्यां’नी नाहीसे केले. ही सर्व रक्कम फंड कंपनीच्या तिजोरीत गेली असे नव्हे, हे आम्ही प्रामाणिकपणे नमूद करतो. काही भाग प्रत्यक्ष कापला गेला. उरलेला भाग म्हणजे कापल्या गेलेल्या पैशाने पुढे जी पिलावळ दिली असती, ती जन्मासच आली नाही. परंतु गुंतवणूकदाराच्या दृष्टीने या दोहोंत भेद तो काय? दोन्ही त्याच्या घरातूनच गेले. सावकाराच्या चक्रवाढ व्याजाने पिढ्यान्‌पिढ्या कशा नागवल्या, हे आपल्या मुलखाला शिकवावे लागत नाही. येथे तेच चक्र उलट दिशेने फिरते, एवढाच फरक आहे.

महागाईचा विचार केला म्हणजे ही गोष्ट अधिकच झोंबते. दहा टक्के वाढीतून पाच टक्के महागाईने खाल्ले असे धरले, तर खरी वाढ ढोबळ मानाने पाच टक्के. त्या पाचातून दोन खर्चात गेले म्हणजे खऱ्या कमाईचे शंभरांतील चाळीस गेले. जोखीम सर्वस्वी गुंतवणूकदाराची, भांडवलही सर्वस्वी गुंतवणूकदाराचे, आणि खऱ्या लाभातील दोन-पंचमांश वाटा मात्र ज्याने एक पैचीही जोखीम घेतली नाही त्याचा! याला न्याय्य वाटणी म्हणता येईल काय?

यावर फंडवाल्यांचे उत्तर ठरलेले आहे. ते म्हणतात, आमचे व्यवस्थापक तज्ज्ञ आहेत, ते बाजारापेक्षा अधिक कमाई करून देतात, तेव्हा त्यांचे शुल्क त्यातून भरून निघते. काही व्यवस्थापक काही काळ तसे करतात, हे खरे आहे. परंतु सर्वच जण तसे करू शकतील काय? १९९० सालच्या अर्थशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी, अमेरिकेचे विल्यम शार्प, यांनी १९९१ साली एका छोट्या लेखात याचे उत्तर निव्वळ बेरीज-वजाबाकीने दिले. बाजार म्हणजे सर्व गुंतवणूकदारांची बेरीज. जे संपूर्ण बाजार जसाच्या तसा विकत घेऊन स्वस्थ बसतात, त्यांना बाजाराएवढी कमाई होते. तेव्हा उरलेले, म्हणजे निवडून-वेचून खरेदी-विक्री करणारे, एकत्र धरले तर त्यांचीही सरासरी कमाई बाजाराएवढीच असली पाहिजे. त्यांच्यातील एकाने सरासरीपेक्षा अधिक मिळवले, तर ते दुसऱ्या कोणीतरी गमावलेले असते. हे झाले खर्चापूर्वीचे. खर्च वजा केल्यावर निवडून-वेचून व्यवहार करणारे, एक समूह म्हणून, बाजाराच्या मागे पडणारच, कारण त्यांचा खर्च अधिक आहे. यांत कोणाच्या बुद्धिमत्तेचा अवमान नाही. हे अंकगणित आहे.

हेच तत्त्व जॉन बोगल या अमेरिकन गृहस्थाने व्यवहारात उतरवले. त्याने १९७५ साली व्हॅनगार्ड ही संस्था उभी केली आणि १९७६ साली सामान्य माणसासाठी पहिला निर्देशांक फंड, म्हणजे इंडेक्स फंड, काढला. हा फंड बाजारातील निर्देशांकात असलेले समभाग त्याच प्रमाणात घेऊन ठेवतो, त्यामुळे त्यास महागड्या तज्ज्ञांची गरज लागत नाही. १५ कोटी डॉलर जमतील अशी अपेक्षा असताना जेमतेम १ कोटी १३ लाख जमले आणि वॉल स्ट्रीटने या उद्योगास ‘बोगलचा वेडेपणा’ म्हणून हिणवले. पुढे तीच संस्था जगातील सर्वांत मोठ्या फंडसंस्थांपैकी एक झाली. परंतु आमच्या सहकारी परंपरेतील वाचकांना यातील दुसरीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटावी. व्हॅनगार्ड ही संस्था तिच्या फंडांच्याच मालकीची आहे. म्हणजे ज्यांचे पैसे, त्यांचीच संस्था. बाहेरच्या भागधारकांना नफा वाटावयाचा नसल्याने शिल्लक उरेल ती खर्च कमी करण्याकडे वळते. सभासदांची संस्था सभासदांसाठी चालावी, हा विचार आपल्या मातीला परका नाही. तो फंडांच्या क्षेत्रात मात्र आपल्याकडे अद्याप रुजला नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

आता आपल्या देशातील एका विलक्षण प्रकाराकडे वळू. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचे दोन प्रकार उपलब्ध असले पाहिजेत, असे सेबीने ठरवून दिले आहे. एक रेग्युलर आणि दुसरा डायरेक्ट. दोहोंचा व्यवस्थापक एकच, घेतलेले समभाग तेच, योजना तीच. फरक इतकाच की, रेग्युलर प्रकारात वितरकाची दलाली खर्चात मिळवलेली असते आणि डायरेक्ट प्रकारात ती नसते. समभागांच्या अनेक योजनांत हा फरक वर्षाला अर्ध्या टक्क्यापासून एक टक्क्यापर्यंत, क्वचित त्याहूनही थोडा अधिक असतो. ज्याला आमच्या शब्दांवर विश्वास ठेवावयाचा नसेल, त्याने कोणत्याही जुन्या योजनेचे दोन्ही एनएव्ही शेजारी शेजारी ठेवून पाहावे. डायरेक्टचा भाव वर चढलेला आणि रेग्युलरचा मागे राहिलेला दिसेल. ते अंतर म्हणजेच न दिसणारी अडत.

हे अंतर रुपयांत किती होते? महिना ५ हजार रुपयांचा हप्ता घ्या. हिशेब सोपा राहावा म्हणून वर्षाचे ६० हजार दर वर्षाअखेर एकदम गुंतवले, असे धरू. २५ वर्षांत १५ लाख रुपये भरले जातील. डायरेक्ट प्रकारात खर्च वजा जाता ११ टक्के आणि रेग्युलर प्रकारात १० टक्के वाढ मिळाली, तर पहिल्या माणसाच्या हाती सुमारे ६८ लाख ६५ हजार आणि दुसऱ्याच्या हाती सुमारे ५९ लाख पडतात. फरक साडेनऊ लाखांहून अधिक. फरक एक टक्क्याऐवजी अर्धाच टक्का असला, तरी तो ५ लाखांच्या घरात जातो. एका फॉर्मवर एका सहीची ही किंमत आहे. सही करताना ती किती जणांस सांगितली गेली?

वितरकांवर आम्ही सरसकट दोषारोप करू इच्छित नाही. लहान गावांत हा माणूस पुष्कळ उपयोगी काम करतो. केवायसीचे कागद जुळवतो, नामनिर्देशन करून घेतो, घरचा कर्ता गेल्यावर वारसांचे अर्ज भरून देतो. बाजार कोसळला असता घाबरून पैसे काढू नका, असा धीर देतो, आणि हा धीर कधी कधी एक टक्क्यापेक्षा अधिक मोलाचा ठरतो. श्रमाचा मोबदला मिळालाच पाहिजे, हे कामगारांच्या वर्गणीवर वाढलेल्या चळवळीस कोणी शिकवावयास नको. आमचे म्हणणे इतकेच की, तो मोबदला उघडपणे ठरावा. पिग्मी एजंटाला कमिशन मिळते, हे सर्वांस ठाऊक असते आणि तो रोज उन्हातान्हात दारी येतो, हेही सर्व पाहतात. ज्या वितरकाने दहा वर्षांपूर्वी एकदा फॉर्म भरून घेतला आणि त्यानंतर ज्याचे तोंडही दिसले नाही, त्याला दर वर्षी वाढत जाणारी रक्कम कोणत्या सेवेबद्दल मिळते? जो काम करतो त्याने आपले दर सांगावेत, गुंतवणूकदाराने ते मान्य असल्यास द्यावेत. २०१३ पासून गुंतवणूक सल्लागारांसाठी सेबीचे स्वतंत्र नियम आहेत. ठरलेली फी घेऊन सल्ला देण्याची वाट त्यामुळे कायद्याने खुली आहे.

या खर्चाचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. कपात जी झाली ती नियंत्रकाने केली, फंडवाल्यांनी आपण होऊन फार थोडी केली. १ ऑगस्ट २००९ पूर्वी समभागांच्या योजनेत पैसे घालतानाच साधारणतः सव्वादोन टक्के ‘एंट्री लोड’ म्हणून कापले जात. शंभर रुपये दिले तर पावणेअठ्ठ्याण्णवच कामास लागत. ते सेबीने बंद केले. २०१३ साली डायरेक्ट प्रकार आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये वितरकांस आगाऊ दलाली देण्याची प्रथा मोडण्यात आली. एप्रिल २०१९ पासून खर्चाच्या मर्यादा योजनेच्या आकाराशी अधिक काटेकोरपणे बांधल्या गेल्या. समभागांच्या योजनेत पहिल्या ५०० कोटींवर २.२५ टक्के आणि ५० हजार कोटींपलीकडील रकमेवर १.०५ टक्का. योजना मोठी होते तसा दर रुपयामागचा खर्च उतरतो, तेव्हा त्याचा लाभ गुंतवणूकदारास मिळावा, हे तत्त्व यात मान्य झाले. डिसेंबर २०२५ मध्ये सेबीच्या मंडळाने नव्या नियमांस मंजुरी देऊन मूळ खर्च आणि सरकारी कर वेगवेगळे दाखवण्याचे व मर्यादा आणखी उतरवण्याचे ठरवले आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख मुक्रर केली. या सुधारणेचे आम्ही स्वागत करतो. तथापि, कर आता वेगळे मोजावयाचे असल्याने मर्यादेचा आकडा जेवढा उतरलेला दिसतो तेवढाच खर्च उतरेल, असे समजू नये, हा इशाराही देऊन ठेवतो.

आमच्यासारख्या गावांच्या नावाने जो एक प्रयोग झाला, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. लहान शहरांत फंडांचा प्रसार व्हावा म्हणून २०१२ पासून देशातील पहिल्या १५ शहरांबाहेरून येणाऱ्या पैशाच्या बदल्यात ०.३० टक्क्यांपर्यंत जादा खर्च आकारण्याची मुभा देण्यात आली. २०१८ मध्ये ही सीमा पहिल्या ३० शहरांबाहेर नेण्यात आली. हा जादा खर्च योजनेतील सर्वांनीच सोसावयाचा होता. सवलतीचा गैरवापर होत असल्याच्या तक्रारी झाल्या आणि १ मार्च २०२३ पासून ती स्थगित करण्यात आली. निपाणी-खानापूरच्या माणसाचे नाव पुढे करून खर्च वाढला. त्या माणसास त्याच्या भाषेत चार ओळींचे ज्ञान मिळाले काय, याचा हिशेब मात्र कोणी दिला नाही.

आणि येथेच हा प्रश्न आमच्या मूळ लढ्यास येऊन भिडतो. जमिनीचा उतारा मराठीत मिळावा, सरकारी परिपत्रके मराठीत मिळावीत, बसवरची पाटी मराठीतही असावी, यासाठी या मुलखातील माणसाने लाठ्या खाल्ल्या आहेत. ही मागणी भावनेची आहे, असे हिणवणाऱ्यांना आम्ही नेहमी सांगत आलो की, ती भावनेइतकीच व्यवहाराचीही आहे. ज्याला कागद वाचता येत नाही, त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते आणि तो दुसरा जे सांगेल त्यावर सही करावी लागते. फंडाचे माहितीपत्रक प्रायः इंग्रजीत असते. जोखमीचा इशारा मराठी वृत्तपत्रांतील जाहिरातीत मराठीत छापला जातो, हे ठीकच आहे. परंतु ‘‘या योजनेत तुमच्या लाखातून वर्षाला इतके रुपये खर्चापोटी जातील आणि डायरेक्ट प्रकार घेतल्यास त्यांतील इतके वाचतील’’ हे एक वाक्य फॉर्मवर सहीच्या वर ठळक मराठीत का असू नये? जोखीम अनिश्चित आहे, तिचा इशारा आहे. खर्च निश्चित आहे, त्याचा नाही!

यासाठी पैसा कोठून आणावयाचा, असे कोणी विचारील तर तो पैसा आमच्या वाचकांनी आधीच भरलेला आहे. २०१२ साली सेबीने असा नियम केला की, फंडांनी आपल्या मालमत्तेच्या किमान ०.०२ टक्के रक्कम गुंतवणूकदारांच्या शिक्षणासाठी राखून ठेवावी. लाखामागे वर्षाला २० रुपये. ही रक्कम खर्चाच्या मर्यादेतूनच, म्हणजे गुंतवणूकदाराच्याच पैशातून जाते. तिचा बराच भाग ‘फंडांत गुंतवा’ असे सांगणाऱ्या प्रचारावर जातो. इतकेच नव्हे, तर नोव्हेंबर २०२५ च्या परिपत्रकाने पहिल्या ३० शहरांबाहेरील नव्या गुंतवणूकदारास आणि नव्या महिला गुंतवणूकदारास आणणाऱ्या वितरकास त्याच रकमेतून बक्षिसी देण्याची तरतूद झाली. शिक्षणाच्या पैशातून दलाली! शिक्षण म्हणजे गिऱ्हाइकाला दुकानात आणणे नव्हे. दुकानातील मालाची किंमत वाचावयास शिकवणे म्हणजे शिक्षण. त्या वीस रुपयांतून बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर, भालकी येथे मराठी पुस्तिका आणि मराठी वर्ग सुरू झाले पाहिजेत आणि त्यांतील पहिला धडा खर्चाचा असला पाहिजे, अशी आमची सेबीकडे आणि फंडांच्या संघटनेकडे स्पष्ट मागणी आहे.

मागणी मान्य होईपर्यंत वाचकांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. आपल्या योजनेच्या नावापुढे ‘रेग्युलर’ आहे की ‘डायरेक्ट’, हे आजच पाहावे. मार्च आणि सप्टेंबरअखेरच्या सहामाहीचे जे एकत्रित खातेपत्रक येते, त्यात वितरकास त्या सहा महिन्यांत किती दलाली दिली गेली, हे रुपयांत आणि योजनेचा सरासरी खर्च टक्क्यांत देणे ऑक्टोबर २०१६ पासून बंधनकारक आहे. तीच तुमची पट्टी. ती न वाचता बाजूस टाकू नका. सध्याच्या खर्चाचा आकडा फंडाच्या संकेतस्थळावरही मिळतो. केवळ निर्देशांकाबरोबर चालणारे इंडेक्स फंड पुष्कळ कमी खर्चात मिळतात, त्यांच्याशी आपल्या योजनेची तुलना करावी. स्वतः डायरेक्ट व्यवहार करणे जमेल असे वाटत असेल, तर नवे हप्ते तिकडे वळवावेत. जुनी रक्कम मात्र उतावीळपणे हलवू नये. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने एक विक्री आणि एक नवी खरेदी असते. त्यावर एक्झिट लोड लागू शकतो. शिवाय २३ जुलै २०२४ पासून समभागांच्या योजनांतील दीर्घ मुदतीच्या, वर्षाला सव्वा लाखांवरील नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. हे पाहूनच पाऊल टाकावे. आणि ज्यास वितरकाची खरोखर गरज आहे, त्याने खुशाल त्याच्याकडे जावे, परंतु ‘‘तुम्हांस माझ्याकडून वर्षाला किती मिळते?’’ हा प्रश्न न लाजता विचारावा. प्रामाणिक माणूस त्याचे उत्तर देईल.

खर्च कमी केला म्हणजे नफा हमखास मिळेल, असे आम्ही म्हणत नाही. बाजार कोणाच्या हाती नाही. स्वस्त योजनाही वाईट ठरू शकते. परंतु बाजार उद्या काय देईल, हे कोणालाच ठाऊक नसताना आपण काय देणार आहोत, एवढे तरी आज ठाऊक करून घेणे प्रत्येकाच्या हाती आहे. सीमाभागातील मराठी माणूस आपल्या भाषेच्या एकेका अक्षरासाठी झगडला आहे. त्याने आपल्या घामाच्या एकेका टक्क्याविषयी बेफिकीर राहावे, हे त्यास शोभणारे नाही. येत्या सहामाहीचे खातेपत्रक घरोघरी येईल तेव्हा त्यातील दलालीचा रकाना प्रत्येकाने शोधून काढावा, तो ज्यास वाचता येत नसेल त्यास शेजाऱ्याने वाचून दाखवावा, आणि गल्लीगल्लीतल्या मंडळांनी हे काम हाती घ्यावे, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.